डोळ्यांची पाखरं

"सर, अंधारात नराला मादी सापडती कशी?"

मनकर्णानं विचारलं आणि दातांनी ओठ आतून घट्ट धरला. हसली असती तर पैज गेली असती. शेजारी बसणाऱ्या केशरनं आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं, की विचारायचं आणि विचारताना हसायचं नाही. पैजेला लावला होता मीठ-मिरची घालून कुटलेला चिंचेचा अख्खा गोळा. बहात्तर सालच्या त्या आषाढात पावसाचा पत्ता नव्हता, घरोघर रेशनवरच्या मिलो ज्वारीची तांबडी भाकरी आणि वर कोरडं तिखट चाललं होतं. अशा दिवसांत चिंचेचा गोळा म्हणजे काही थोडीथोडकी गोष्ट नव्हती.

दहावीच्या वर्गात एकतीस मुलगे आणि चार मुली. मुलग्यांकडून आधी एक फिसकारा आला, मग सगळा वर्गच फुटला. शिरसाट सरांचे कान पाळीपासून वरपर्यंत तांबडे होत गेले. त्यांनी खडू खाली ठेवला, परत उचलला, बाहेरचा गलका नको म्हणून दार लोटून घेतलं आणि म्हणाले, प्रश्न चांगला आहे.

मग सर जे सुरू झाले ते घंटा झाली तरी थांबेनात. म्हणाले, बोरीच्या फांदीला कोशेटे लटकलेले बघता ना तुम्ही, देठाला टांगलेल्या अंड्यासारखे? त्यातून जे मोठं पाखरू निघतं त्याला खायला तोंडच नसतं. अळी असताना खाल्लं असेल त्यावर आठ-दहा दिवस काढायचे. तेवढ्यात जोडीदार भेटला तर ठीक, नाहीतर जन्म फुकट. म्हणून मादी हिंडत बसत नाही. एका जागी बसते आणि पोटाच्या टोकातून वास सोडते. माणसाच्या नाकाला तो कळत नाही. नराच्या मिशा मात्र पिसासारख्या रुंद, त्या वाऱ्यातला वास गाळून घेतात आणि तो दूरवरून उलट्या वाऱ्यानं येतो.

फळ्यावर त्यांनी कार्बनची लांबलचक माळ काढली. मधे एका ठिकाणी दुहेरी बंध काढला. हा बंध दोन मणी इकडं सरकला की वास दुसऱ्या जातीचा झाला, म्हणाले, पहिल्या जातीचा नर मग तिकडं ढुंकूनही बघायचा नाही. परदेशात एका शास्त्रज्ञानं रेशीमकिड्यांच्या पाच लाख माद्या गोळा केल्या, तेव्हा कुठं चिमटीतही धरता येणार नाही एवढंसं द्रव्य हाती लागलं. आणि हे काही एका दिवसात झालं नाही. ज्या नराच्या मिशा जरा जास्त केसाळ, त्याला वास आधी लागला, त्याचीच पिल्लं जास्त झाली, त्या पिल्लांतही ज्याच्या मिशा रुंद तो पुढं गेला. असं लाखो वर्षं.

मनकर्णा चिंचेचा गोळा विसरूनच गेली. एवढीशी गोष्ट विचारायची ती काय, आणि लाखो वर्षं मागं जाऊन यायचं ते काय. गेल्या वार्षिक परीक्षेत ती शास्त्रात पहिली आली होती. तोवर वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्यानंतर मात्र तिची मान सरळ झाली होती आणि जीभ सुटली होती. घरी जाताना ओढ्याकाठच्या बोरीवर चढून, हाताला काटे ओरबाडून घेत, तिनं एक जड कोशेटा काढला. कानाशी हलवून बघितला. आतलं मेलेलं असतं तर खुळखुळ्यासारखा वाजला असता. हा वाजला नाही.

मनकर्णाचं घर वाडीच्या कडेला होतं. तिचे वडील रंभाजी आणि आई साळूबाई दोघंही सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. पहाटे निघत, संध्याकाळी येत ते भुवयांपर्यंत पांढरे होऊन. घरी राही रंभाजीची थोरली बहीण बनुबाई. नवरा गेल्यावर ती भावाकडंच आली होती, आणि तिच्याबरोबर आली होती तिची लेक चांगुणा. चांगुणा दोन वर्षांमागं गेली. तेव्हापासून बनुबाई विळा हातात धरत नाही. पालेभाजी असली तरी हातानं तोडते.

कोशेटा मनकर्णानं घरातल्या कपड्यांच्या वळणीला, आपल्या शाळेच्या निळ्या परकराशेजारी दोऱ्यानं टांगला. सोमवारी दिवेलागणीला त्याचं देठाकडचं टोक ओलं झालं, मऊ पडलं आणि त्यातून भिजल्या चिंधीसारखं काहीतरी बाहेर आलं. ते सरपटत परकराच्या चुण्यांत जाऊन बसलं. मनकर्णा चूल सोडून तिथंच उभी राहिली. बघता बघता पंख पसरले. हळदीवर राख भुरभुरावी तसा रंग, एकेक पंख तळहाताएवढा आणि चारी पंखांवर एकेक डोळा. डोळ्याच्या मधोमध काचेसारखा ठिपका होता. त्या ठिपक्यातून मागचा परकर निळा दिसत होता. मिशा बारीक, म्हणजे मादी.

रात्रभर मादी परकरावरच बसली. सकाळी मनकर्णानं बघितलं तर भिंतीला विटकरी रंगाची दोन पाखरं चिकटलेली, पिसासारख्या मिशांची. तिनं टाळीच वाजवली. मादीला हलवायला नको म्हणून ठिगळाचा जुना परकर नेसून ती शाळेत गेली आणि दिवसभर केशरचं डोकं खाल्लं. संध्याकाळी मादीला कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवलं आणि निळा परकर नेसून पाण्याला निघाली. विहिरीवर सगळ्या वाडीच्या बायका येणार. तिथं ठिगळ दाखवत कोण जाईल.

विहीर कधीच आटली होती. रोज टँकर येऊन तिच्यात पाणी सोडी आणि घागरींची रांग लागे. मनकर्णाचा नंबर विसावा-बाविसावा असेल. सूर्य बुडाला होता, उजेड अजून होता. पहिलं पाखरू आलं ते तिच्या गुडघ्याजवळ भिरभिरलं आणि परकराला बसलं. तिनं झटकलं. ते परत आलं. मग दुसरं आलं. मग दोन एकदम.

पुढं उभी असलेली विमलबाई वळून बघायला लागली. पाखराच्या पंखावरचा डोळा उघडला आणि विमलबाईनं पदर तोंडावर घेतला. एका म्हातारीच्या हातून भरलेली घागर सुटली. त्या दिवसांत सांडलेल्या पाण्याला बायका शिव्या घालायच्या, पण आज कुणी पाण्याकडं बघितलंही नाही. सगळ्या मागं सरकल्या. मनकर्णाभोवती बैल बसेल एवढी मोकळी जागा झाली. तिनं हसून सांगायला तोंड उघडलं, की अहो मादी तर घरी डालग्यात आहे.

आणि तिथंच तिची वाचा बसली. मादी घरी डालग्यात होती. मग ही पाखरं हिच्याकडं कशाला आली?

सरांनी ते सांगितलं नव्हतं. पंखांचा फडफडाट पोटऱ्यांना कळत होता, कापडातून, गरम श्वासासारखा. कुणीतरी काठीनं तिची घागर रांगेतून बाहेर ढकलली. हातानं नाही, काठीनं. ती रिकामी घागर उचलून मनकर्णा पळत सुटली, आणि चारही पाखरं तिच्यामागं आली, उलट्या वाऱ्यानं.

दारात बनुबाई बसली होती. तिनं पाखरं बघितली, पंखांवरचे डोळे बघितले आणि जागची उठली नाही. दोन्ही हात पुढं करून, रांगत्या लेकराला बोलवावं तशी म्हणाली, "आलीस व्हय गं माजी बाय?"

वाडीत असं मानत, की पंखावर डोळे असलेलं पाखरू म्हणजे काही बघायचं राहून गेलेली बाई. चांगुणा सतरा वर्षांची होऊन गेली होती. तिला फेफरं यायचं. पाथर्डीला डॉक्टरकडं न्यायचं ठरत होतं आणि राहत होतं. शेवटी सहादेव देवऋषीला बोलावलं. त्यानं विळा तापवून दोन्ही पोटऱ्यांवर आणि बेंबीखाली डाग दिले. डाग देताना माणूस आडवं पाडून धरावं लागतं. हात मामानं धरले होते, पाय आईनं. जखमा चिघळल्या आणि नवव्या दिवशी चांगुणा गेली. बाधा लई जुनी होती, असं सहादेव म्हणाला. तेच वाडीनं म्हटलं आणि पुढं बनुबाईही तेच म्हणायला लागली. मनकर्णा त्या दिवशी शेजारच्या घरात कानांत बोटं घालून बसली होती. बोटं घालूनही तिनं सगळं ऐकलं होतं.

बुधवारी सकाळी सहादेव आला. बुटका, स्वच्छ कपड्यांचा, बोलायला मऊ माणूस. तो कुणावर ओरडत नसे, म्हणून त्याची जास्त भीती वाटे. त्यानं मनकर्णाची नाडी धरली, डोळ्याची पापणी ओढून बघितली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "शाळंत मास्तराला काय इचारलंस गं पोरी?"

प्रश्न तिच्याआधीच वाडीत येऊन पोचला होता. नर आणि मादी, आणि मास्तरांनी दार लावून घेतलं, इथपर्यंत.

"न्हाई सांगत? नगं सांगू," सहादेव म्हणाला. "ते तू न्हाई इचारलंस. तुझ्या तोंडानं दुसरंच कुनी इचारलंय."

त्यानं रंभाजीला बाजूला नेऊन सगळं ठरवलं. शनिवारी अवस. दिवेलागणीला डाग, दोन पोटऱ्यांवर. तोवर पोरीनं शाळेत जायचं नाही. तो निळा परकर शिवेबाहेर ओढ्यापलीकडच्या बोरीवर टांगून यायचा. रंभाजी मान हलवत राहिला. साळूबाई दाराआडून ऐकत होती, तिनं फक्त एवढंच विचारलं, की तोवर पाणी भरू देतील का. सहादेव म्हणाला, अवस होऊ द्या.

डालगं मनकर्णानं गवताच्या पेंढ्यांमागं सरकवलं. उघडून सोडून द्यावं असं दहादा मनात आलं. पण मादी तिथं शांत बसली होती, तोंड नसलेली, आणि मनकर्णाला आतून वाटत होतं, की काय ते सांगेल तर हीच.

पोटऱ्या दुखायला तेव्हापासूनच सुरुवात झाली. काही झालेलं नसताना. झोपली की वाटे तिथं काही टेकतंय. ती उठून हात लावून बघे. एकदा तर तिनं खरंच मनाशी म्हणून बघितलं, चांगुणाक्का, तू आहेस का? आणि उत्तर येईल या भीतीनं वाकळ डोक्यावरून ओढून घेतली.

गुरुवारी उजाडता उजाडता, आई-वडील कामावर गेल्यावर, ती मागच्या बाजूनं निघाली. शाळेच्या वाटेवर ओढा लागतो. बोरीकडं बघायचं नाही असं ठरवूनही तिनं बघितलं.

परकर फांदीला लोंबत होता आणि त्यावर पाखरं बसली होती. एक, दोन, चार, सात. चुण्यांत अजून चार. सगळी विटकरी, सगळ्यांच्या मिशा पिसासारख्या. जवळ जायला पाय उचलेना. तरी गेली. काट्यांतून हात घालून तिनं एका पाखराला बोट लावलं. ते उडालं नाही, नुसतं थरथरलं.

ती तिथंच मटकन बसली. परकर इथं होता आणि ती घरी होती. म्हणजे पाखरं तिच्याकडं आलीच नव्हती. परकराकडं आली होती. मादी त्याच परकरावर एक रात्र आणि एक दिवस बसली होती. रॉकेलच्या बाटलीला बूच लावलं तरी हाताचा वास जातो का? दोनदा माती लावून धुतला तरी नाही जात. एवढंच. एवढंच होतं सगळं.

ती उठून पळत सुटली ती शिरसाट सरांच्या खोलीपर्यंत. सर दाढी करत होते. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं, अकरा पाखरं, परकर, वास, सहादेव, शनिवार. तिला वाटलं होतं सर उठून उभे राहतील. सरांनी आधी खिडकीतून बाहेर बघितलं.

"तू माझं नाव कुणाला सांगितलंस?"

"न्हाई सर."

"सांगू नकोस."

हेडमास्तरांनी कालच बोलावलं होतं, सर म्हणाले. दार का लोटलं ते विचारलं. सरांची नोकरी कायम नव्हती, मार्चपर्यंतचीच ऑर्डर होती. वाडीत येऊन ते सांगू शकत नाहीत. त्यांनी तिला बसही म्हटलं नाही. गालावरचा साबण सुकत चालला होता. ती वळली तेव्हा मागून हळू आवाजात म्हणाले, तू काढलेला निष्कर्ष मात्र बरोबर आहे.

बरोबर आहे, आणि शनिवारी डाग आहे. परतीच्या वाटेवर मनकर्णाला पहिल्यांदा रडू आलं. येताना ओढ्याजवळ चार-पाच माणसं जमलेली दिसली. ती झुडपाआड थांबली. माणसं लांबूनच परकराकडं बघत होती आणि त्यांत सहादेव होता. तो सांगत होता, बघा, अर्धी बाधा कापडात उतरली. राहिलेली अर्धी अंगात हाय, ती शनवारी काढू.

तिच्याच पुराव्याचा सहादेव आपला पुरावा करून बसला होता. आता नुसतं बोलून भागणार नव्हतं. परकर तिचा होता, म्हणून बोट तिच्याकडं आलं. कापड दुसऱ्या कुणाचं असतं तर?

घरात दुसऱ्याची अशी वस्तू एकच होती, जी धुतली जात नव्हती आणि रोज अंगावर असायची. रंभाजीचा पटका. तो रात्री खुंटीला असे. खाली पडला तरी घरातली बाई दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावी. मनकर्णानं त्या रात्री सगळे निजल्यावर मादीला डालग्यातून काढलं, तिच्या थरथरत्या पोटाला ओंजळीत धरून खुंटीपाशी नेलं आणि पटक्याच्या घड्यांत बसवलं. पंखांची भुकटी तिच्या बोटांना लागली. पहाटे, आईची चाहूल लागायच्या आधी, मादी परत डालग्यात गेली आणि रंभाजी पटका बांधून कामावर गेला.

शुक्रवारचा दिवस सरता सरत नव्हता. साळूबाईला कामावरच्या बायकांनी खडीच्या ढिगापासून लांब बसवलं होतं. आदल्या दिवशी तिची घागर विहिरीवरून रिकामी आली होती, आजही तशीच आली. चुलीपुढं बसून ती उरलेल्या तांब्याभर पाण्यात पीठ मळत होती. थोडं थोडं पाणी शिंपडत, जसं काही पीठच चिडेल. रंभाजी ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. फुटलेल्या दगडाची कच त्याच्या बोटाला लागून नखाखाली रक्त साकळलं होतं, ते तो बघत होता. मनकर्णा दाराच्या चौकटीला टेकून उभी. ऊन गेलं. भिंतींचा रंग गेला. ओढ्याच्या बाजूनं वारा होता, तो पडला आणि उलटा सुरू झाला.

पहिलं पाखरू आलं ते रंभाजीच्या कानावरून गेलं. त्यानं हात मारला. दुसरं सरळ पटक्यावर बसलं. तिसरं, चौथं. एक घड्यांत शिरायला बघत होतं, पंख फडाफडा आपटत, आणि एक त्याच्या कपाळावर उतरून भुवईपर्यंत चालत आलं.

रंभाजी दगड झाला. दिवसभर घण घालणारा माणूस, त्याचा आवाज आला तो भलताच बारीक.

"साळे, साळे, ये गं भाईर."

साळूबाई पिठाच्या हातांनी आली आणि चौकटीतच खिळली. तिच्यामागून बनुबाई आली. पटक्यावरचे डोळे बघून ती पुढं झाली, भावासमोर बसली आणि म्हणाली, "मामाकडं गेलीस व्हय चांगुणे? हात धरलं म्हनून?"

रंभाजीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो पुसतही नव्हता. मनकर्णानं बापाला कधी असं बघितलं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं काहीच सांगू नये, पटका काढून चुलीत घालावा आणि सगळं विसरून जावं. पण उद्या शनिवार होता.

ती आत गेली आणि डालगं घेऊन आली. मादीला बाहेर काढून बोटावर बसवलं आणि बापाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर हात धरून उभी राहिली. मादीच्या पोटाचं टोक बाहेर आलेलं होतं, आत-बाहेर होत होतं. पटक्यावरचं एक पाखरू उठलं आणि तिच्या हातावर आलं. मग दुसरं. भुवईवरचंही गेलं.

तिनं सगळं सांगितलं. कोशेटा, वळणी, परकर, आणि पटक्यात रात्रभर कोण बसलं होतं ते. सांगताना तिचा आवाज फाटत होता, तरी ती थांबली नाही.

"बाधा असली तर तुमालाबी झालीया दादा," ती म्हणाली. "मंग उद्या डाग दोघांनाबी. आधी तुमाला. तुमी थोरले."

रंभाजीनं उठून तिच्या मुस्काटात मारली. हातावरची पाखरं उडाली. "पटक्याला हात लावलास माझ्या?" तो म्हणाला, पण दुसऱ्यांदा हात उचलला नाही. त्यानं पटका डोक्यावरून काढला आणि एकेक फेर सोडवत बसला. आतल्या फेराला तपकिरी चपटी अंडी चिकटली होती, रांगेनं, मसुराच्या दाण्यांसारखी. त्यानं एक अंडं नखानं काढलं, बोटावर घेतलं, उजेड होता तिकडं धरलं.

मादी आता बनुबाईच्या हातावर होती. तिनं ती कधी घेतली ते कुणी बघितलं नव्हतं. तिच्या पंखांवरून बोट फिरवत ती म्हणाली, "ह्ये नुसतं पाखरू हाय?"

मनकर्णाला हो म्हणवेना. नाहीही म्हणवेना.

"व्हय आत्या," शेवटी ती म्हणाली. "अंडी घालून मरतंय. त्याला खायला तोंडबी न्हाई."

"आन् माझ्या पोरीत काय हुतं?"

बनुबाईनं उत्तराची वाट बघितली नाही. मादीला तिनं जपून डालग्यावर ठेवलं, हात पदराला पुसले, परत पुसले. पाठमोरी होऊन भावाला म्हणाली, "रंबा, उद्याच्याला म्या पाय धरनार न्हाई." आणि आत जाऊन अंधारात बसली.

मनकर्णाला वाटलं, झालं. गालावर पाचही बोटं चुरचुरत होती, तरी तिला गाणं म्हणावंसं वाटलं. बापाला कळलं होतं. त्याच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात रंभाजीनं पटका तसाच उलगडलेला मांडीवर ठेवला आणि खाली बघत म्हणाला, "मला पटलं गं पोरी. पन गावाला कसं पटवू?"

तिला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. तो थांबत थांबत बोलत राहिला. विहीर एक. टँकरचं पाणी एकाच विहिरीत. कामावर मुकादम म्हणतोय, अवस झाल्याशिवाय जोडीनं येऊ नका. उद्या सहादेवाला नाही म्हटलं तर तो काही बोलायचा नाही, मुकाट्यानं परत जाईल, आणि मग या घराला कुणी विस्तवसुद्धा द्यायचं नाही. म्या सांगतो त्याला, रंभाजी म्हणाला, विळा फार तापवू नको. उगं टेकवल्यासारखं कर. लोकांना दिसलं की झालं.

मनकर्णानं आईकडं बघितलं. साळूबाई कोपऱ्यातल्या रिकाम्या घागरींकडं बघत होती.

"ल्हानसा," साळूबाई म्हणाली. "परकराखाली झाकून जाईल. लगीन ठरताना कुनाला दिसनारबी न्हाई."

सहादेवाची मनकर्णाला भीती वाटली होती ती वेगळी. ही भीती निराळी होती, हिला अंगही नव्हतं आणि आवाजही नव्हता. समोर बसलेली ही दोन माणसं तिच्यावर माया करत होती. त्यांना सगळं समजलं होतं. आणि समजूनही ती तिला उद्या आडवी पाडणार होती, हळूच, काळजी घेऊन. तिच्या पोटऱ्यांत कळ उठली. तिनं दाराची चौकट धरली. आत बनुबाई एकदा खाकरली.

मग मनकर्णानं चौकट सोडली. ओट्यावरून उतरून ती आई-वडलांच्या समोर अंगणात जाऊन उभी राहिली.

"दादा, आई, ऐका. उद्या मी कुटं पळून जानार न्हाई. घरातच असनार हाय. पन मी डाग घेनार न्हाई. मोटा न्हाई, ल्हानसा न्हाई, टेकवल्यासारखाबी न्हाई. सहादेवमामाला विळा तापवू द्या. मी चुलीम्होरं उभी राहीन. आडवी पडनार न्हाई. मला पाडायचं तर धरावं लागंल, आन् आत्यानं तर न्हाई म्हनलंय. मंग राहिला तुमी दोघं. ज्यानं धरायचं त्यानं माझ्या डोळ्यांत बघून धरायचं, येवढं मी ठरवलंय."